तीन ठोक्यांना उत्तर

आमच्या मोसेंबे गावात पोराच्या हातात वल्हं देण्याआधी त्याच्याकडून एक गोष्ट घोकून घेतात: आधी होडी सोड, मग उत्तर दे. खालच्या अंगाची गावं यावरून आम्हाला हसतात. हसू देत. त्यांच्याकडे उलट आहे, आणि आजेपणजे होते तोवर आमच्याकडेही उलटंच होतं. ते बदललं बोलुंबू नावाच्या बाईमुळे, आणि का बदललं हे आमच्यातल्या निम्म्या लोकांनाही धड ठाऊक नाही. रीत तेवढी पाळतात.

जुनी रीत अशी. दलदलीत वाट चुकली तर बोंबलायचं नाही, कारण पाणी आणि पाला मिळून ओरडणं गिळून टाकतात. मोठं झाड शोधायचं. आमच्याकडच्या मोठ्या झाडांची मुळं जमिनीतून फळ्यांसारखी उभी वर येतात. त्या मुळावर सोट्याने तीन ठोके घालायचे, दमायचं, पुन्हा तीन. हा आवाज अर्ध्या दिवसाच्या वाटेवर पोचतो. ज्याच्या कानावर पडेल त्याने जवळच्या झाडावर तीन ठोके परत द्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर मिळालं की चुकलेल्याने जागा सोडायची नाही. शोधणारा आवाजाच्या रोखाने येतो. तुम्ही हललात की त्याच्या बिचाऱ्याच्या फेऱ्या फुकट.

बोलुंबू पोरसवदा होती तेव्हा आईबरोबर अळंबी गोळा करायला गेली आणि चुकली. नीट ठोके दिले, उत्तरही आलं. पण ही बया स्वस्थ बसेल तर शपथ! आवाजाच्या दिशेने आपणच निघाली. उत्तर दिलं होतं एलेंगाने. तो कमरेएवढ्या चिखलातून आला तर झाडाखाली कोणी नाही. दुपार कलली तेव्हा ती एका ताडाच्या बुंध्याला धरून उभी सापडली.

"माझं उत्तर ऐकू आलं नव्हतं?" त्याने विचारलं.

"आलं होतं."

"मग हललीस कशाला?"

"म्हटलं आपणही चार पावलं पुढे जावं. तुझे पाय दुखतील."

"माझे पाय! अगं, उत्तर देणारा येतोच. आभाळ कोसळलं तरी येतो. तू फक्त बसायचं होतंस. तेवढंही जमू नये?"

"नाही जमत. मला एका जागी बसवत नाही."

"मग तुला दोरीने बांधून ठेवणारा नवरा बघायला हवा."

"बघून ठेव की. तुझ्या ओळखीत असेल एखादा."

दोन वर्षांनी तिने त्याच्याच घरी चूल मांडली. पुढे कधी तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं की तो ओरडायचा, "उत्तर दिलंय गं, बस तिथेच!" आणि अख्खी आळी हसायची. दोन बाळंतपणं झाली, दोन्ही पोरं महिन्याच्या आत गेली. त्यानंतर हे थट्टेचं बोलणं त्याने कमी केलं, पण सोडलं नाही. तिलाही ते ऐकल्याशिवाय करमत नसे.

एलेंगा डावखुरा होता. आमचे लोक मासे धरायचा वेताचा पिंजरा विणतात, तेव्हा वेताचा पीळ उजवीकडे जातो. याचा डावीकडे जायचा. बाजारात त्याचा पिंजरा लांबूनही ओळखू यायचा. थोरला भाऊ दिंगा त्याला चिडवायचा, "तुझ्या पिंजऱ्यात मासा शेपटीकडून शिरतो रे." पण विणकर पक्का होता. रोज एक कडं, एकच. दुसरं घेतलं की बोटं घाई करतात आणि वेत सैल पडतो, असं त्याचं म्हणणं. बोलुंबू त्याच्या शेजारी बसून कसाव्याची पानं कुटायची आणि कड्यावरून दिवस मोजायची.

आता त्या दुसऱ्याबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव मोकेले-म्बेम्बे, म्हणजे नदी अडवणारा. आम्ही पाण्याजवळ हे नाव घेत नाही, नुसतं नदीअडव्या म्हणतो. ताडासारखी मान, हत्तीएवढं धड, मगरीचं शेपूट. दलदलीच्या पोटात जी काळी तळी आहेत तिथे तो जुन्या काळापासून उरला आहे, असं म्हणतात. मी पाहिलेला नाही. पाहिला असता तरी सांगितलं नसतं, कारण जो पाहून सांगतो तो फार दिवस जगत नाही. आणि तो माणूस घेऊन गेला की ते पाणी बंद. तिथे होडी नाही, जाळं नाही, शोध नाही. गेलेल्याचं नावही घ्यायचं नाही, नाव घेतलं तर त्याच्या आवाजात नदीअडव्याच ओ देतो. प्रेत नाही म्हणून घरात रडणं बसत नाही. बायकोच्या अंगाला दुखवट्याची पांढरी माती लागत नाही, आणि जी लागलीच नाही ती वर्षाने नदीत धुणार कशी? ती बाई ना सवाष्ण, ना विधवा.

त्या वर्षी पाणी उतरल्यावर सगळं गाव नेहमीप्रमाणे दलदलीच्या कडेला मासेमारीच्या तळावर गेलं. बायका डबकी बांध घालून उपसत होत्या, मागूर आणि मरळ काढून धुरावर वाळवत होत्या. दिंगा आणि एलेंगा दोघे एका होडीतून आत इलोबाच्या तळ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दिंगा एकटा परत आला. वल्हं नव्हतं, हातांनी पाणी मारत आला होता. किनाऱ्याला लागला आणि होडीतच पडून राहिला.

"मान," तो म्हणाला. "पाण्यातून वर आली. तपकिरी, ताडाएवढी. फूत्कार टाकला. होडी कलंडली. तो खाली गेला, तो वर आलाच नाही."

"अहो भाऊजी, कोण खाली गेला?" बोलुंबूने विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

दिंगाने नाव घेतलं नाही. तेवढ्यावरून सगळ्यांना समजायचं ते समजलं. त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार? पाहून सांगणारा मरतो, हे त्यालाही ठाऊक होतं. स्वतःचं मरण पणाला लावून कोण खोटं बोलतो? आणि तो खोटं बोलतही नव्हता, हीच तर रड आहे. त्याने जे पाहिलं ते पाहिलं होतं. फक्त त्यानंतर त्याने मागे वळून पाहिलं नव्हतं.

बोलुंबूला रडू दिलं नाही. बायकांनी तिला घेरलं, पण रडण्यासाठी नव्हे, तोंड दाबण्यासाठी. एयेंगा म्हणून आमच्यातली जुनी बाई होती, दाताला दात नाही पण शब्दाला धार. ती म्हणाली, "गिळ पोरी. आवाज काढलास तर त्याला वाट सापडेल."

चौथ्या दिवशी सकाळी इलोबाच्या दिशेने आवाज आला. तीन ठोके. शांतता. तीन ठोके.

तळावरच्या सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. बोलुंबू धुराच्या मचाणावर मासे उलटत होती. तिने मान वर केली.

"तीन आहेत," ती म्हणाली.

"शेपटी आपटतोय," दिंगा म्हणाला. "ऐकू नका. कानात बोटं घाला."

"शेपटी मोजून आपटतो का हो तो? तीनच कशी?"

"शिकतो तो. ज्याला नेतो त्याच्याकडून शिकतो. बोलुंबू, मी पाहिलंय. तू पाहिलेलं नाहीस."

एयेंगानेही हेच सांगितलं. तिच्या आजीने तिला सांगितलं होतं. नदीअडव्या माणसासारखं बोलावतो, चुकलेल्यासारखं ठोकतो, आणि जो उत्तर देतो त्याच्याकडे येतो. आता यावर काय बोलणार? आमची भीती फार हुशार आहे. प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे आधीच उत्तर तयार असतं.

दिवसभर ठोके आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बोलुंबूने पानं कुटायला घेतली आणि उखळात मुसळ घातलं, तर तिचं मुसळही तीन-तीनवर पडायला लागलं. मग ती उठली. मुसळ घेऊन तळामागच्या मोठ्या झाडाकडे गेली आणि कोणी काही म्हणायच्या आत फळीमुळावर तीन ठोके घातले.

पलीकडे सगळं शांत झालं. आणि मग तिकडून सुरू झालं ते मोजता येईना. तीन, तीन, तीन, मध्ये दम नाही, विसावा नाही, दुपार होईतो. बोलुंबू पुढे सांगायची की तिला त्यात हसणं ऐकू आलं. बाकीच्यांना काय ऐकू आलं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पोरं रडायला लागली. एयेंगाने येऊन मुसळ तिच्या हातातून हिसकावलं.

"काय केलंस हे, करंटे! तू त्याला उत्तर दिलंस!"

"तोच आहे तो, माय. हसतोय बघ. मी जाते."

कोणी तिला धरलं नाही. हे नीट सांगायला हवं, कारण नंतर लोक म्हणायला लागले की तिला चौघींनी धरून ठेवलं होतं. नाही. दिंगाने होडी मोकळी केली आणि म्हणाला, "जा. मी अडवत नाही. माझी वाचा खोटी असेल तर तू परत येशील, आणि खरी असेल तर मी दोघांचंही नाव घेणार नाही." बोलुंबूने एक पाय होडीत ठेवला. पाणी काळं होतं. ती खूप वेळ तशी उभी राहिली, एक पाय होडीत, एक चिखलात. मग तिने तो पाय बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी तळ उचलला आणि गाव खाली अर्ध्या दिवसावर गेलं, जिथे काहीच ऐकू येत नव्हतं.

पावसाळा आला, गेला. बोलुंबू जगली, म्हणजे खाल्लं, प्यायली, उपसलं, वाळवलं. दिंगाही मेला नाही, याचंच सगळ्यांना आश्चर्य. तो रोज तिच्या दारात मासा ठेवायचा आणि न बोलता जायचा. तिचं मागणं एकच होतं, आणि ते तिने कोणापासून लपवलं नाही. तिला नवऱ्याचं रडणं बसवायचं होतं. एक दात, एक हाड, काहीतरी हाताला लागलं की त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि पोटभर रडायचं. एवढंसं मागणं, पण त्याच्या वाटेवर बंद पाणी होतं.

पुढच्या कोरड्या दिवसांत असं कोरडं पडलं की म्हाताऱ्यांनाही तसं आठवेना. तळाभोवतीची डबकी तडकली. गावातली कसाव्याची शेतं आधीच हत्तींनी उकरली होती. पोरांची पोटं वर यायला लागली. पाणी आणि मासा उरला होता एकाच ठिकाणी, इलोबात.

बोलुंबूने उपसायची टोपली डोक्यावर घेतली. "मी चालले," ती म्हणाली. "नदी अडवायची तर मीही अडवते. जन्मभर बांध घालून तेच तर करतोय आपण बायका."

"आणि त्याने खाल्लं तर?" कोणीतरी विचारलं.

"खाऊ दे. त्याच्या पोटात का होईना, नवऱ्याची भेट तरी होईल."

दिंगा आडवा आला, हात जोडले, पण भुकेपुढे त्याचं काय चालणार? पाच बायका निघाल्या. सगळ्यांत पुढे, काठी टेकत, एयेंगा. "मला चावायला त्याला दात लागतील, माझे तर संपलेच आहेत," ती म्हणाली.

दुपारी तळं दिसलं. उरलेलं पाणी मध्ये चमकत होतं, त्याच्या पलीकडे उंचवट्यावर झाडी. आणि बायका पाण्यात उतरणार तोच समोर मान वर आली.

तपकिरी, ताडाएवढी. तिने फूत्कार टाकला. दोघी चिखलात बसल्याच. मान वाकली, पुढे सरकली, आणि मग तिच्यामागे टाळू वर आली, मग कान. हत्तीण होती. सोंड वर धरून पोहत होती. पलीकडे लागली, अंग झटकलं आणि झाडीत गेली.

एयेंगाने काठी चिखलात रोवली. "ही मान," ती म्हणाली. "अरे दिंग्या, मेल्या, ही मान!"

बोलुंबू तोवर पाण्यात शिरली होती. पाणी छातीपर्यंतच होतं त्या दिवसांत. ती उंचवट्यावर चढली, आणि मागून बाकीच्या.

मोठं झाड होतं. त्याच्या फळीमुळावर एका जागी साल उरली नव्हती. माणसाच्या छातीच्या उंचीला, तळहाताएवढ्या जागेत, लाकूड ठोकून ठोकून भुगा झालं होतं आणि तिथे खळगा पडला होता. खाली सोटा पडलेला. मुळांच्या आडोशाला हाडं होती. पाऊस आणि डुकरं यांनी विसकटली होती, पण कवटी मुळाला टेकून होती. एका पायाचं हाड गुडघ्याखाली मोडून वेडंवाकडं जुळू लागलेलं. वर ताडाच्या झावळ्यांचं छप्पर, त्याला वेताचा पिंजरा टांगलेला. पीळ डावीकडे.

बोलुंबूने पिंजरा काढून मांडीवर घेतला आणि कडी मोजली. रोज एक. एकोणीस होती. पहिली पंधरा घट्ट, नंतरची चार सैल.

"एकोणीस दिवस," ती म्हणाली. मग तिने कडी पुन्हा पहिल्यापासून मोजली.

तेवढ्यात पलीकडून एकीने हाक मारली. उंचवट्याच्या दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या जुन्या खुणेजवळ, तराफा होता. राफिया ताडाची जाड देठं वेलीने बांधलेली, चांगली पक्की, डावखुऱ्या गाठी. वर आडवा बांबू ठेवलेला, ढकलायला. तराफा पुरा झाला होता. अर्धा चिखलात, अर्धा पाण्याच्या खुणेत. एक धक्का दिला असता तर सुटला असता.

"मग गेला का नाही?" ती बाई म्हणाली. "देवा, तराफा तयार होता, मग हा गेला का नाही?"

बोलुंबू तराफ्याकडे बघत होती. एयेंगा तिच्याकडे बघत होती. जगात त्या दोघींनाच त्या क्षणी एकच गोष्ट आठवत होती: मुसळ आणि तीन ठोके. चार-पाच दिवसांत त्याने तराफा बांधला, तुटल्या पायाने. तो निघणार होता. आणि त्याला उत्तर मिळालं. उत्तर देणारा येतोच, आभाळ कोसळलं तरी येतो. त्याने तराफा पाण्यात सोडला नाही. हातांना काम म्हणून पिंजरा घेतला आणि रोज एक कडं विणत बायकोची वाट बघत बसला.

"पायामुळे," एयेंगा मोठ्याने म्हणाली. "पाय मोडला होता ना, ढकलवला नसेल त्याला. पायामुळे राहिला." आणि बोलुंबूचा दंड तिने इतका घट्ट धरला की नखं रुतली. "ऐकलंस का? पायामुळे."

माणसं खोटं बोलतात ते नेहमी वाईटच असतं असं नाही. पण त्या खोट्याने बोलुंबूचं काही भलं झालं नाही, एवढं सांगतो.

हाडं टोपलीतून आणली. रडणं बसलं, तीन दिवस. बोलुंबूच्या अंगाला पांढरी माती लागली. रीतीप्रमाणे तिने नदीकाठी उभं राहून नवऱ्याचं नाव तीनदा घ्यायचं होतं. ती उभी राहिली, पण दोनदाच घेतलं. तिसऱ्यांदा तिच्याच्याने घेववेना. लोक म्हणाले, दुःख फार झालं. दिंगा तिच्या पायाशी येऊन पडला आणि ओरडून रडला. "मी मागे बघितलं नाही गं. एकदाही बघितलं नाही." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला वाटलं तिने क्षमा केली.

वर्षाने पांढरी माती धुतली. पुन्हा लग्न केलं नाही, दिंगाच्या घरी जा म्हणून सांगितलं तरी गेली नाही. तिच्या झोपडीशी होडी कायम सुटी असायची, दोर नाही, खुंटी नाही. कुठूनही तीन ठोके ऐकू आले की ती हातातलं काम टाकून होडीत उडी मारायची, आणि चार वल्ही मारल्यावर वाटेतल्या पहिल्या झाडावर उत्तर द्यायची. पोरं तिची नक्कल करायची. एकदा खालच्या गावचा एक मधकाढ्या तिने असाच आणला, मधमाश्यांनी तोंड सुजलेला. तो वैतागून म्हणाला, "बाई, मी कधीपासून ठोकतोय, उत्तर द्यायला एवढा उशीर?"

"मी निघाले तेव्हा दिलं," ती म्हणाली. "त्याआधी दिलेल्या उत्तराला काही अर्थ नसतो."

हेच मग लोकांच्या तोंडात बसलं. आधी होडी सोड.

दिंगाने मात्र मान सोडली नाही. हत्तीण पाहणाऱ्या पाच बायका गावात होत्या, तरी तो म्हणायचा, "तुम्ही पाहिली ती हत्तीण. मी पाहिला तो तोच." त्याचाही इलाज नव्हता. ती मान सोंड ठरली तर मग तो कोण ठरला असता? त्याच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. म्हातारपणी त्याला ऐकणारेही मिळाले. गोरे लोक, ज्यांना आम्ही मुंदेले म्हणतो, ते नदीअडव्याला शोधायला यायला लागले, पेट्या आणि यंत्रं घेऊन. शहरातला गास्तों नावाचा दुभाषा त्यांच्याबरोबर असायचा.

अशीच एक टोळी आली होती. दुपारी झाडाखाली बसली. दिंगाने मान सांगितली, फूत्कार सांगितला. गोऱ्याने विचारलं, आवाज कसा होता? इथल्या लोकांनी त्याचा आवाज ऐकला आहे म्हणे, बरेच दिवस?

"शेपटी आपटत होता," दिंगा म्हणाला.

गास्तोंने त्याच्या हातात सोटा दिला. "बाबा, तसंच वाजवून दाखवा. यंत्रात घ्यायचंय."

दिंगा झाडाजवळ गेला. पहिला ठोका दिला, दुसरा दिला. मग थांबला, मग आणखी दोन-चार, घाईने, कसेही. तीन काही त्याच्याकडून वाजले नाहीत.

बोलुंबू तिथेच मासे चिरत बसली होती. केस पांढरे झाले होते. ती उठली, सुरी खाली ठेवली, दिंगाच्या हातातून सोटा घेतला आणि फळीमुळावर तीन ठोके दिले. थांबली. पुन्हा तीन.

गोऱ्याचा चेहरा उजळला. यंत्राचा दिवा लाल होता.

"आजी, हा त्या प्राण्याचा आवाज?" गास्तोंने विचारलं.

"हो. त्याचं नाव लिहून घे. एलेंगा."

गास्तों गोंधळला. "हे तर माणसाचं नाव आहे."

"माणसाचंच आहे. माझ्या नवऱ्याचं. तळ्यात अडकला होता. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, अख्ख्या गावाने."

"बोलुंबू," दिंगा म्हणाला. "पुरे."

"भाऊजी, तुम्ही मागे बघितलं नाहीत म्हणून इतकी वर्षं रडताय. ते ओझं तुमचं नाही, खाली ठेवा." ती गास्तोंकडे वळली. "विचार अजून. विचारायचं राहिलंय तुझं."

गास्तोंने यंत्राकडे एकदा बघितलं. शेवटी तो म्हणाला, "मग आजी, तुमच्यापैकी कोणी त्याला उत्तर दिलं नाही?"

"दिलं ना," बोलुंबू म्हणाली. "मीच दिलं. म्हणून तर तो तिथे बसून राहिला."

दिंगाने वर पाहिलं. बायकांनी सांगितलेला तो तराफा त्याला आठवला असावा, कारण तो हळूहळू खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोलुंबूने नदीकडे तोंड केलं आणि नवऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं, एकदाच, राहिलं होतं तेवढं. मग ती परत जाऊन मासे चिरायला बसली. गोरा गास्तोंला हलवून हलवून विचारत होता, ती काय म्हणाली, काय म्हणाली.